समीकरणाची पाव शतकाची पायपीट

विंडोज १० या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कार्यालयांमध्ये या घटनेची चर्चा मुख्यतः सुरक्षिततेच्या अंगाने झाली. शाळा-महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांपुढे मात्र त्यातून आणखी एक प्रश्न उभा राहतो. जुन्या यंत्रावर नवा ब्राउझर किती दिवस चालणार आणि तो चालेनासा झाला, की त्याच्या भरवशावर तयार झालेल्या अध्ययन साहित्याचे काय होणार?

गणिताच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार आहे. जानेवारी २०२३ मध्ये गुगल क्रोमची १०९ वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. कोणतेही जोडसॉफ्टवेअर न घेता समीकरण थेट मांडून दाखवण्याची क्षमता क्रोमला या आवृत्तीने दिली. विशेष म्हणजे विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची ही अखेरची आवृत्ती होती. ज्या दिवशी गणिताला दार उघडले, त्याच दिवशी जुन्या संगणकांसाठी ती शेवटची गाडी ठरली. ११० व्या आवृत्तीपासून विंडोज १० किंवा त्यापुढची प्रणाली आवश्यक झाली. फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्तीही विंडोज ७ साठी अखेरचीच ठरली. विंडोज १० वरील यंत्रांच्या वाट्याला आज ना उद्या हेच येणार, हे उघड आहे.

हा केवळ योगायोग मानून सोडून देता येत नाही. परस्परसंवादी गणित, म्हणजे वाचता येते, त्यातील संख्या बदलता येते आणि बदलाचा परिणाम लगेच पाहता येतो असे गणित, महाजालावर आणण्याचा प्रयत्न गेली तीन दशके चालू आहे. त्याचा इतिहास पाहिला, तर दर काही वर्षांनी दार उघडले आणि पुन्हा बंद झाले, असेच दिसते.

गणिताविना जन्मलेले महाजाल

महाजालाची कल्पना १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी मांडली. भौतिकशास्त्रज्ञांच्या अंगणात जन्मलेल्या या माध्यमाला समीकरण लिहिण्याची सोय मात्र नव्हती. १९९५ मधील एचटीएमएल ३.० च्या मसुद्यात गणितासाठी तरतूद होती, पण तो मसुदा मान्यतेपर्यंत पोहोचलाच नाही. जानेवारी १९९७ मध्ये मान्य झालेल्या ३.२ आवृत्तीतून गणित वगळण्यात आले.

परिणामी समीकरणाचे चित्र काढून ते पानावर चिकटवण्याचा प्रघात पडला. चित्रातील समीकरण मोठे केले की फुटते, त्याचा शोध घेता येत नाही, ते उचलून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सोडवता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला ते वाचून दाखवता येत नाही. गणित दिसते, पण ते गणित राहत नाही, अशी ही अवस्था होती.

तिच्यावर उपाय म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एप्रिल १९९८ मध्ये मॅथएमएल ही खुणांची भाषा प्रमाणित केली. तिचे दोन भाग आहेत. पहिला मांडणीचा. ‘क्ष’ लिहावा आणि त्याच्या डोक्यावर उजवीकडे लहान २ लिहावा, एवढेच तो सांगतो. दुसरा अर्थाचा. ‘क्ष’ ही राशी असून तिचा दुसरा घात घ्यायचा आहे, असे तो सांगतो. केवळ वाचण्यासाठी पहिला भाग पुरतो. संगणकाने ते गणित सोडवावे, आलेख काढावा, अशी अपेक्षा असेल, तर दुसऱ्याची गरज लागते. परस्परसंवादी दस्तऐवजाचा पाया या दुसऱ्या भागात होता आणि नेमका तोच दृश्य ब्राउझरमध्ये कायम उपेक्षित राहिला.

‘फॉण्ट डाऊनलोड करा’

प्रमाण ठरले, पण ते वापरायचे कसे? २००० नंतरच्या दशकात गणिताचे पान उघडण्यासाठी ब्राउझर सज्ज करणे हे एक स्वतंत्र काम होते. बहुसंख्यांच्या संगणकावर असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररला मॅथएमएल समजत नसे. त्यासाठी डिझाइन सायन्स या कंपनीचे मॅथप्लेअर हे मोफत जोडसॉफ्टवेअर उतरवून बसवावे लागे. मोझिला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या फायरफॉक्समध्ये ही क्षमता अंगभूत होती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात असताना रॉजर सिजे यांनी स्वेच्छेने केलेल्या कामाचे हे फळ होते. मात्र त्यातही बेरजेचे मोठे चिन्ह, वर्गमुळाची लांब रेघ, कंसांची उंची नीट दिसावी म्हणून मॅथेमॅटिका आणि टेक या प्रणालींचे टंक वेगळे बसवावे लागत.

तरीही पान उघडेलच, याची खात्री नसे. मॅथएमएल त्या काळी एक्सएचटीएमएल या कडक शिस्तीच्या स्वरूपातच द्यावे लागे. संपूर्ण पानात एक खूण बंद करायची राहिली, तरी फायरफॉक्स मजकुराऐवजी पिवळ्या पार्श्वभूमीवर चुकीची सूचना दाखवी. इंटरनेट एक्सप्लोरर तर हे स्वरूप ओळखतच नसे. पान वाचण्याऐवजी ते संगणकावर साठवायचे का, असे तो विचारी. एकच पान दोन्ही ब्राउझरमध्ये उघडावे, यासाठी लेखकाला वेगळी कसरत करावी लागे.

मराठी वाचकाला हा अनुभव अपरिचित नाही. त्याच काळात मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर ‘फॉण्ट डाऊनलोड करा’ ही सूचना ठळकपणे झळकत असे. प्रत्येक दैनिकाचा टंक वेगळा. तो बसवला नाही, तर बातमीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे. विंडोज एक्सपीवर युनिकोड देवनागरी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक पर्यायांत जाऊन जोडाक्षरांच्या लिपींचा आधार स्वतंत्रपणे सुरू करावा लागे. देवनागरी आणि गणित ही दोन्ही डावीकडून उजवीकडे सरळ रेषेत न मावणारी लिखाणे आहेत. दोन्हींचे चिन्ह वर, खाली, आजूबाजूला सरकते. इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या ब्राउझरने दोघांनाही बराच काळ दारात उभे केले.

देवनागरीचा प्रश्न युनिकोडने आणि नव्या प्रणालींनी सोडवला. गणिताच्या टंकाला अधिक वेळ लागला. सहा वैज्ञानिक प्रकाशन संस्थांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात हाती घेतलेला स्टिक्स हा मोफत टंकसमूह मे २०१० मध्ये पूर्ण स्वरूपात उपलब्ध झाला. त्यात आठ हजारांहून अधिक चिन्हे होती.

दिलेले परत घेतले

मार्च २०११ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ४ ने साध्या एचटीएमएल पानात मॅथएमएल लिहिण्याची मुभा दिली आणि कडक शिस्तीचा जाच संपला. सफारीनेही त्याच वर्षी पाऊल टाकले. जानेवारी २०१३ मध्ये क्रोमच्या २४ व्या आवृत्तीत गणित दिसू लागले. हा आनंद महिनाभरच टिकला. २५ व्या आवृत्तीत गुगलने ते काढून घेतले. हा कोड सुरक्षित आणि पुरेसा पक्का नाही, असे कारण देण्यात आले. काही महिन्यांतच गुगलने ब्लिंक हा स्वतःचा वेगळा गाभा विकसित करण्यास घेतला आणि त्यातून उरलेला मॅथएमएलचा कोडही हटवला.

कारण तांत्रिक होते, पण त्यामागचे अर्थशास्त्र स्पष्ट होते. हा कोड प्रामुख्याने स्वयंसेवकांनी लिहिला होता. तो दुरुस्त करून सांभाळण्याची जबाबदारी घेण्याइतके गणिताचे व्यापारी मोल बलाढ्य कंपनीला वाटले नाही.

पोकळी भरून काढली ती मॅथजॅक्सने. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी आणि सियाम या संस्थांच्या पाठबळावर ऑगस्ट २०१० मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. पानाबरोबरच एक आज्ञावली पाठवायची आणि तिने वाचकाच्या ब्राउझरमध्ये समीकरण मांडून द्यायचे, अशी ही युक्ती आहे. वाचकाला काहीही बसवावे लागत नाही. ‘ब्राउझर सज्ज करा’ ही पाटी गणिताच्या पानांवरून उतरली, ती प्रामुख्याने यामुळे. खान अकॅडमीने २०१४ मध्ये आणलेले कॅटेक्स त्याच वाटेवरचे, पण अधिक वेगवान.

या सोयीची किंमत होतीच. समीकरणांनी भरलेले पान स्वस्त मोबाइलवर रेंगाळते. शिवाय आज्ञावली दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येत असल्याने परावलंबन वाढते. मॅथजॅक्सने आपली वितरण सेवा ३० एप्रिल २०१७ रोजी बंद केली, तेव्हा तिचा पत्ता असलेल्या असंख्य पानांच्या चालकांना तो बदलण्याची धावपळ करावी लागली.

अखेर स्पेनमधील इगालिया या कामगार-मालकीच्या संस्थेने क्रोमच्या गाभ्यात मॅथएमएल नव्याने लिहिण्याचे काम अंगावर घेतले. त्यासाठी अमेरिकेतील निसो या मानक संस्थेमार्फत अल्फ्रेड पी. स्लोन प्रतिष्ठानाचा निधी मिळाला. प्रकाशकांनीही हातभार लावला. जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये गणित आले, ते त्या ब्राउझरच्या मालकाच्या खिशातून आलेले नाही, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रमाण ठरल्यापासून या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास पावशतक लागले.

सरकणारे बिंदू आणि हरवलेले धडे

समीकरण दिसणे ही पहिली पायरी. ते हाताळता येणे ही दुसरी. त्यासाठी १९९५ नंतर जावा अॅपलेट हा राजमार्ग होता. त्रिकोणाचा शिरोबिंदू माऊसने ओढावा आणि तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे डोळ्यांनी पाहावे, असे धडे शिक्षकांनी हजारोंच्या संख्येने तयार केले. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेला जिओजेब्रा हा प्रकल्प याच मार्गाने जगभर पोहोचला.

जानेवारी २०१३ मध्ये जावामधील गंभीर त्रुटींमुळे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमच्या ४५ व्या आवृत्तीने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५२ व्या आवृत्तीने अॅपलेट चालवणारी जोडयंत्रणाच काढून टाकली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचाही आधार संपला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे निर्णय योग्यच होते. परंतु ज्या धड्यांच्या लेखकांना ते नव्या तंत्रात पुन्हा लिहिणे जमले नाही, ते धडे राखाडी चौकटी होऊन राहिले.

जिओजेब्रा तरला, कारण त्याच्या निर्मात्यांनी संपूर्ण प्रणाली ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेत नव्याने उतरवली. त्यालाही पुढे वेगळ्या अनिश्चिततेला तोंड द्यावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये बायजूज या भारतीय कंपनीने जिओजेब्रा विकत घेतल्याचे जाहीर केले आणि जुलै २०२४ मध्ये याच कंपनीविरुद्ध बंगळुरूच्या कंपनी विधी न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. मोफत मिळणारे साधन आणि कायम मिळणारे साधन यांत फरक असतो, याची जाणीव या घटनाक्रमाने करून दिली.

स्वतः गणित करणारी वही

संशोधनाच्या क्षेत्रात परस्परसंवादी दस्तऐवजाने वेगळे रूप घेतले. मॅथेमॅटिकाने १९८८ मध्ये ‘नोटबुक’ ही कल्पना रूढ केली. मजकूर, सूत्र, आज्ञावली आणि आलेख एकाच वहीत. फर्नांडो पेरेझ यांच्या आयपायथनमधून २०११ मध्ये ती वही ब्राउझरमध्ये आली आणि २०१४ पासून ज्युपिटर या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे ब्राउझर हा केवळ दर्शनी भाग असतो. गणिती काम पडद्यामागे पायथनसारखी भाषा करते. म्हणूनच त्याची बसवणी सामान्य शाळेला जड जाते.

तिची ताकद मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसली. गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध जाहीर करताना लायगोच्या वैज्ञानिकांनी आपली निरीक्षणे आणि ती तपासणारी वहीही सर्वांसाठी खुली केली. जगातील कोणाही विद्यार्थ्याला तीच आकडेमोड स्वतः करून पाहणे त्यामुळे शक्य झाले. याच प्रकल्पाचे भारतीय केंद्र हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारले जात असून, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वेधशाळेच्या शेजारच्या शाळेतील मुलांना ती वही उघडता येईल का, हा प्रश्न महाराष्ट्रासाठी दूरचा राहिलेला नाही.

तंत्रज्ञानाचे उत्तर होकारार्थी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्रमाणित झालेल्या वेबअसेंब्लीमुळे पायथन भाषाच ब्राउझरच्या आत चालवता येते. पायोडाइड आणि त्यावर उभे असलेले ज्युपिटरलाइट यांना संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. पहिल्यांदा उघडताना मोठी फाइल उतरवावी लागते आणि यंत्राची स्मृती बेताची असेल, तर ते अडखळते, एवढ्या मर्यादा आहेत.

प्रयोगशाळेसाठी काही कानगोष्टी

आज एखाद्या शाळेने गणितासाठी ब्राउझर सज्ज करायचा ठरवला, तर काम पूर्वीपेक्षा बरेच सोपे आहे, पण ते शून्य नाही. पहिली बाब आवृत्तीची. क्रोम अथवा एज १०९ किंवा त्यापुढचे असावे. फायरफॉक्स आणि सफारी यांत ही क्षमता आधीपासून आहे. नवी विंडोज पेलवत नसलेल्या यंत्रांवर लिनक्स बसवून अद्ययावत ब्राउझर वापरण्याचा मार्ग खुला आहे.

दुसरी बाब टंकाची. विंडोजमध्ये कॅम्ब्रिया मॅथ असते. लिनक्सवर स्टिक्स टू मॅथ किंवा लॅटिन मॉडर्न मॅथ यांपैकी एक बसवावा. गणिती टंक नसलेल्या यंत्रावर समीकरण दिसते, परंतु कंस बुटके राहतात आणि चिन्हे विसंगत भासतात. तीन मजली अपूर्णांकाभोवती कंस घालून पाहिला, की त्रुटी लगेच कळते.

तिसरी बाब जोडणीची. जेथे इंटरनेट खात्रीचे नाही, तेथे मॅथजॅक्सची प्रत शाळेच्याच संगणकावर ठेवावी आणि जिओजेब्राची संगणकावर बसणारी आवृत्ती घ्यावी. चौथी बाब सावधगिरीची. परस्परसंवादी दस्तऐवज ही आज्ञावली असते, याचा विसर पडता कामा नये. ज्युपिटर बाहेरून आलेल्या वहीवर लगेच विश्वास ठेवत नाही, ती विश्वासार्ह असल्याचे वापरणाऱ्याला सांगावे लागते. ही परवानगी डोळे झाकून देऊ नये.

या सगळ्यानंतरही प्राथमिक शाळेच्या पदरी निराशा येण्याची शक्यता आहे. २०१० च्या मॅथएमएल ३ मध्ये उभ्या मांडणीची बेरीज, लांब भागाकार, एवढेच काय, ‘हातचा’ लिहिण्यासाठीही खूण होती. ब्राउझरांनी स्वीकारलेल्या ‘मॅथएमएल कोअर’ या आटोपशीर रूपातून या खुणा वगळण्यात आल्या. संकलन चिन्ह सुबक दिसते, पण दुसरीतल्या मुलाच्या हातच्याला अजून जागा नाही.

मराठीतून ऐकू येईल?

प्रमाणित गणिताचा सर्वांत मोठा लाभ दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आहे. एनव्हीडीए हे मोफत पडदावाचक आणि त्यासोबत मॅथकॅट यांच्या साहाय्याने मॅथएमएलमधील समीकरण ऐकता येते, त्याच्या एकेका भागात फिरता येते. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या भांडारानेही डिसेंबर २०२३ पासून नवे निबंध एचटीएमएल रूपात देण्यास सुरुवात केली, त्यामागे हेच उद्दिष्ट होते.

गणित मोठ्याने वाचण्याचे नियम मात्र प्रत्येक भाषेचे वेगळे असतात. मराठीत ‘तीन छेद चार’ म्हणावे की ‘तीन चतुर्थांश’? ‘क्ष चा वर्ग’ की ‘एक्स स्क्वेअर’? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ हा पर्याय सुचवला गेला, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. त्या वादात विनोद आणि टीका पुष्कळ झाली. संख्या कानाला कशी कळते, या मुळातल्या प्रश्नाला त्यामानाने कमी जागा मिळाली. समीकरण मराठीत बोलणारे यंत्र घडवायचे, तर गणितज्ञ, भाषातज्ज्ञ आणि शिक्षक यांना एकत्र बसून असेच प्रश्न शांतपणे सोडवावे लागतील. हे नियम परदेशातील कोणी लिहून देण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पाया अगदीच नाही, असे नव्हे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे भारतीय भाषांमध्ये आणले आहेत आणि ते इंटरनेटविना पाहण्याचीही सोय केली आहे. अशा प्रयत्नांना शालेय अभ्यासक्रमाची आणि निधीची जोड मिळाली पाहिजे.

गेल्या पाव शतकाचा धडा सरळ आहे. एका कंपनीच्या जोडसॉफ्टवेअरवर बेतलेले साहित्य त्या सॉफ्टवेअरबरोबर गेले. खुल्या प्रमाणात लिहिलेले साहित्य ब्राउझर बदलले, तरी टिकले. १९९८ च्या प्रमाणानुसार लिहिलेला साधा अपूर्णांक आजचा ब्राउझरही वाचतो, २००८ मधले अॅपलेट मात्र उघडत नाही. ई-साहित्यासाठी निविदा काढताना शासनाने आणि ते निवडताना शाळांनी एवढी एक अट घातली, तरी आज तयार होणारे धडे दहा वर्षांनी राखाडी चौकटीत अडकणार नाहीत.